निरुपद्रवी म्हणवणाऱ्या गाठी

त्वचेचे डॉक्टर पेशंटच्या दंडावरची मऊ गाठ बोटाच्या टोकाने हलकेच दाबतात. गाठ चेपत नाही, आत जाते. काजात बटण शिरावं तशी ती त्वचेखाली उतरते आणि बोट उचललं की पुन्हा वर येते. चरबीची गाठ असं करत नाही, ती बोटाखालून निसटते. चामखीळ तर जागची हलतच नाही. या खुणेला वैद्यकाच्या पुस्तकांतही काजाचंच नाव दिलेलं आहे, आणि शिंप्याच्या दुकानातून उचललेल्या या उपमेने कितीतरी निदानं पहिल्या मिनिटात केली आहेत.

या गाठीला न्यूरोफायब्रोमा म्हणतात. अशी एखादी गाठ कुणालाही येऊ शकते, त्यात विशेष काही नाही. पण अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक चट्टे असतील, काखेत वांगासारखे बारीक ठिपके असतील आणि वयात येताना अशा गाठी एकामागून एक उगवू लागल्या असतील, तर त्याचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 1, थोडक्यात एनएफ-1. दर तीन हजार माणसांत साधारण एकाला तो असतो. या हिशेबाने महाराष्ट्रात पस्तीस-चाळीस हजार लोक निघतील. निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांपैकी कुणालाही तो नसतो. बीजपेशी तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी सुरुवातीला एका जनुकात नव्याने चूक होते, आणि घराण्यात कधी न ऐकलेला आजार दारात येतो. त्यामुळे ‘आमच्याकडे कुणाला नाही हो असलं काही’ हे वाक्य खरं असूनही निदानाच्या आड येत नाही.

चट्टे बहुधा पहिल्या वर्षातच दिसतात. गाठी थांबतात ते संप्रेरकं जागी होईपर्यंत. गरोदरपणात त्या संख्येने आणि आकाराने वाढतात, बाळंतपणानंतर काही थोड्या ओसरतात. पन्नाशीपर्यंत कुणाच्या अंगावर दहा-वीस असतात, कुणाच्या अंगावर हजारो. एकाच घरात, एकाच चुकीच्या जनुकावर बापाच्या अंगावर मोजक्या आणि लेकीच्या अंगावर मोजता न येण्याइतक्या. हे का, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही.

डॉक्टर या गाठींना सौम्य म्हणतात. हा शब्द ऐकला की मला हवामान खात्याचा ‘हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस’ आठवतो. शब्द शास्त्राला धरून असतो, फक्त घरात पाणी शिरलेल्या माणसाला सांगायचा नसतो. सौम्य म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्या अर्थाने तो अचूक आहे. त्वचेवरच्या या गाठींचा कर्करोग होत नाही. आजाराचं दुसरं रूप मात्र वेगळं. प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा ही गाठ बहुधा जन्मापासून असते, एखाद्या मोठ्या नसेच्या फांद्याफांद्यांतून वेलासारखी पसरते, आणि तिच्यातून कर्करोग उपजू शकतो. त्वचेवरच्या गाठी असं काही करत नाहीत. त्या खाजतात. शर्टाच्या कॉलरीत, ब्लाउजच्या बाहीत, ब्रेसियरच्या पट्ट्याखाली अडकतात. दाढी करताना सोलल्या जातात. आणि दिसतात.

दिसणं हा आपल्याकडे स्वतंत्र त्रास आहे. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही चेहऱ्यावर आणि कानाच्या पाळीवर गाठी येतात, नसा जाड होतात. ज्या मुलखात ‘महारोग’ या शब्दाने माणसं गावाबाहेर काढली, तिथे गाठींनी भरलेला चेहरा पाहून शेजारी कोणता निष्कर्ष काढतील हे सांगायला नको. एनएफ-1 संसर्गजन्य नाही, पण ते एसटीत शेजारच्या सीटवरून उठून जाणाऱ्या माणसाला कोण समजावणार? युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या वाट्याला दुसरंच भूत आलं. लंडनचा जोसेफ मेरिक, ज्याला ‘एलिफंट मॅन’ म्हणून पैसे घेऊन दाखवलं गेलं, तो 1890 साली वारला. पुढे 1909 मध्ये त्याचा आजार हाच असावा असा तर्क मांडला गेला आणि जवळपास पाऊण शतक तो पाठ्यपुस्तकांत टिकला. 1986 मध्ये दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की मेरिकचा आजार बहुधा प्रोटियस सिंड्रोम नावाचा वेगळाच होता. तोवर तपासणीच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी पालकांच्या डोळ्यांसमोर तोच एक फोटो उभा राहत आला होता.

गाठींच्या आत काय आहे हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते फ्रीडरिक फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने, 1882 साली. गाठीत मज्जातंतू आणि तंतुमय ऊती दोन्ही आहेत हे त्याने ओळखलं, आणि आजाराला त्याचंच नाव पडलं. जनुक सापडायला 1990 उजाडावं लागलं. अमेरिकेत मिशिगनला फ्रान्सिस कॉलिन्स यांचा गट आणि युटामध्ये रे व्हाइट यांचा गट अशा दोघांनी ते सतराव्या गुणसूत्रावर एकाच सुमारास गाठलं. या जनुकापासून न्यूरोफायब्रोमिन नावाचं अगडबंब प्रथिन बनतं. त्याचं मुख्य काम एकच: रास नावाचं प्रथिन चालू असेल तर ते बंद करणं.

विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबणारे घरात चार जण असतात. ती आठवणीने बंद करणारा एकच असतो. रास ही ती मोटार. ती चालू झाली की पेशीला वाढीचा निरोप जातो, रासकडून राफला, राफकडून मेकला, मेककडून एर्कला, असा हातोहात. न्यूरोफायब्रोमिन म्हणजे बंद करणारा. एनएफ-1 असलेल्या माणसाच्या प्रत्येक पेशीत या जनुकाची एक प्रत निकामी आणि एक धड असते. एकावर बहुतेक काम भागतं. पण नसांना वेढून बसणाऱ्या श्वान पेशींपैकी एखादीत दुसरी प्रतही बिघडली की तिथे मोटार चालू ती चालूच राहते. (या श्वानाचा कुत्र्याशी संबंध नाही. थिओडोर श्वान हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ.)

पण गाठ एकट्या श्वान पेशींची नसते. त्या बिघडलेल्या पेशी हाका मारून इतरांना बोलावतात. तंतू विणणाऱ्या पेशी येतात, रक्तवाहिन्या येतात, आणि ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशी येतात. गाठीचा मोठा भाग तर पेशींचा नसून त्यांनी विणलेल्या कोलॅजनचा असतो. औषध शोधणाऱ्याला हे फार अडचणीचं आहे. बिघडलेल्या पेशींची वाढ रोखली, तरी विणून झालेलं कापड आपोआप उसवत नाही. आणि खाज कुठून येते हेही इथे कळतं. अमेरिकेतले डॉ. व्हिन्सेंट रिकार्डी यांनी 1980 च्या दशकात केटोटिफेन हे दम्याचं, मास्ट पेशींना शांत करणारं औषध या रुग्णांना दिलं. खाज आणि दुखणं कमी झालं. गाठी ओसरल्या नाहीत.

मग कापा, असं कुणीही म्हणेल. कापतातच. पण हिशेब करून पाहा. एक गाठ, एक छेद, दोन टाके, एक व्रण. पाचशे गाठी असतील तर? म्हणून काही ठिकाणी पूर्ण भूल देऊन विजेच्या सुईने किंवा कार्बन डायऑक्साइड लेझरने एका बैठकीत शेकडो गाठी जाळतात. पुढचे काही आठवडे अंगभर खपल्या, त्यानंतर गाठींच्या जागी पांढुरके, खोलगट व्रण. आपल्या सावळ्या त्वचेवर ते व्रण अधिकच उठून दिसतात, कधी काळे पडतात. तरीही अनेक रुग्ण आनंदाने हा सौदा करतात, कारण सपाट व्रण कपड्यात अडकत नाही. तोवर नव्या गाठी आपल्या वेळापत्रकाप्रमाणे येतच राहतात.

त्वचेवरची जनुकीय गाठ मलमाने विरघळू शकते का? याचं उत्तर आलं ते दुसऱ्याच आजारातून, आणि त्या गोष्टीसाठी पॅसिफिक महासागरात जावं लागेल.

1964 च्या शेवटी कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम जहाजाने ईस्टर बेटाकडे निघाली. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. बेटावरचे लोक अनवाणी फिरतात, घोड्यांची लीद सगळीकडे, तरी धनुर्वात का होत नाही, या कुतूहलापोटी तिथली माती बाटल्यांत भरून आणली गेली. ती माती माँट्रियलमधल्या एअर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे सुरेन सेहगल काम करत होते. जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा, औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण बनारसला, डॉक्टरेट ब्रिस्टलची. मातीतल्या एका जिवाणूपासून 1972 मध्ये त्यांच्या गटाने एक बुरशीनाशक वेगळं केलं आणि बेटावरून त्याचं नाव रॅपामायसिन ठेवलं. पुढे कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, रॅपामायसिनचं काम गुंडाळायला सांगितलं. सेहगलांनी शेवटचा साठा बनवून काही कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी ठेवल्या. काही वर्षांनी नव्या साहेबांना पटवून त्यांनी ते काम पुन्हा सुरू केलं. सिरोलिमस या नावाने 1999 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी.

बुरशीचं औषध प्रत्यारोपणात आलं आणि तिथून ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारात. त्यातही जनुकीय चूक, त्यातही सौम्य गाठी. त्या मेंदूत, मूत्रपिंडात आणि चेहऱ्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर लालसर पुळ्यांसारख्या उगवतात. शाळेत त्यांना मुरुमं समजून मुरुमांची मलमं चोपडली जातात. या आजारात बिघडलेली दोन जनुकं एमटॉर नावाच्या प्रथिनाला आवर घालणारी निघाली, आणि रॅपामायसिन नेमकं एमटॉरलाच रोखतं. त्या प्रथिनाच्या नावात ते रॅपामायसिनचं ‘आर’ आहेच. प्रत्यारोपणाच्या गोळ्या कुटून मलमात कालवण्याचे प्रयोग त्वचारोगतज्ज्ञांनी करून पाहिले. 2010 च्या सुमारास पहिल्या यशाच्या नोंदी छापून आल्या. लाली उतरली, पुळ्या बसल्या. अमेरिकेत आणि जपानमध्ये रीतसर चाचण्या झाल्या. जपानने 2018 मध्ये 0.2 टक्क्यांच्या जेलला मान्यता दिली, अमेरिकेने 2022 मध्ये. मलम थांबवलं की पुळ्या हळूहळू परततात, म्हणजे हे आयुष्यभराचं लावणं. तरी दार उघडलं होतं.

एनएफ-1 मध्ये हेच मलम का चालू नये? रासकडून एमटॉरकडेही एक वाट जातेच. पण मोठ्या, पसरणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींवर सिरोलिमस पोटातून देऊन पाहिलं तेव्हा वाढ जवळपास चार महिने लांबली, इतकंच. गाठी आक्रसल्या नाहीत. मुख्य वाहतूक दुसऱ्या रस्त्याने होती, राफ-मेक-एर्कच्या.

त्या रस्त्यावर मेकला अडवणारी औषधं कर्करोगासाठी तयार होत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ब्रिगिट विडेमान आणि सहकाऱ्यांनी त्यातलं सेलुमेटिनिब प्लेक्सिफॉर्म गाठी असलेल्या मुलांना दिलं. दिवसातून दोनदा कॅप्सूल, रिकाम्या पोटी. या गाठींचं आकारमान एमआरआयवर मोजावं लागतं, आणि त्या अवाढव्य असतात. चाचणीत सामील झालेल्या मुलांत मधला आकडा अर्ध्या लिटरच्या आसपास होता. म्हणजे पोराच्या मानेत किंवा पाठीत दुधाची पिशवी. 50 मुलांपैकी 33 जणांत, म्हणजे दोन तृतीयांशांत, गाठ किमान 20 टक्क्यांनी आक्रसली. वीस टक्के ऐकायला थोडं वाटतं. श्वासनलिकेला टेकलेल्या गाठीचे वीस टक्के थोडे नसतात. त्याआधी कितीतरी औषधं या गाठींपुढे हरली होती. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सेलुमेटिनिबला मान्यता दिली. एनएफ-1 च्या गाठींसाठी मान्य झालेलं ते पहिलं औषध. 2025 मध्ये मिरडामेटिनिब हे दुसरं औषध प्रौढांनाही खुलं झालं.

तेव्हा त्वचेवरच्या गाठींनाही हीच कॅप्सूल द्यावी, हा विचार कुणाच्याही मनात येईल. तशी चाचणीही हाती घेतली गेली. पण मेक अडवणारं औषध पोटातून घेतलं की ते गाठीपुरतं राहत नाही. अंगावर मुरुमांसारखं पुरळ येतं, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजून पिकतात, रक्तात स्नायूंचं विकर चढतं, काहींच्या हृदयाचा जोर कमी होतो, म्हणून ठरावीक काळाने इको करावा लागतो, डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. मणक्यावर दाब आणणाऱ्या गाठीसाठी आईबाप हे सगळं सोसतील. ज्या गाठीला तुम्हीच सौम्य म्हणता तिच्यासाठी धडधाकट माणसाने वर्षानुवर्षं हृदय तपासून घ्यायचं?

इथे ‘सौम्य’ हा शब्द अचानक उपयोगी पडतो, असं मला वाटतं. औषध किती कठोर असू शकतं याची मर्यादा तो घालून देतो. आजार सौम्य, तर औषध त्याहून सौम्य हवं. आणि इतकं सौम्य औषध बनवणं कर्करोगाचं औषध बनवण्यापेक्षा सोपं अजिबात नाही.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञ कविता सरीन यांनी धरलेली वाट अशी: औषध कातडीवर लावायचं, ते कातडीतून गाठीपर्यंत पोचलं पाहिजे, आणि तिथून रक्तात उतरताच मोडून गेलं पाहिजे. औषधशास्त्रात अशा रेणूंना नरम औषध म्हणण्याची पद्धत आहे. त्वचेत टिकाऊ, रक्तात नाशवंत. केळीच्या पानावर वाढलेल्या जेवणाला जशी पानाबाहेर जायची मुभा नसते, तसं. यातून तयार झालेल्या जेलचं नाव एनएफएक्स-179. नाव प्रयोगशाळेतल्या बाटलीवरच्या लेबलासारखं आहे, कारण अजून ते तेवढंच आहे. हे प्रकरण लिहीपर्यंत ते दुकानात आलेलं नाही.

पहिल्या टप्प्यांत प्रश्न आकाराचा नव्हताच. 28 दिवस जेल लावून गाठी कापून काढल्या आणि आत एर्कला मिळणारा निरोप कितपत थांबला ते तपासलं. सर्वांत तीव्र, 0.5 टक्क्याच्या जेलने तो जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे औषध गाठीत पोचत होतं. पुढच्या चाचणीत 0.5 आणि 1.5 टक्क्यांची जेल रोज एकदा, सहा महिने, आणि तुलनेसाठी एका गटाला औषध नसलेलं नुसतं जेल. गाठी निम्म्याने किंवा त्याहून लहान होण्याचं प्रमाण 1.5 टक्क्यांच्या गटात नुसतं जेल लावणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं.

‘निम्म्याने लहान’ हे लिहायला सोपं, मोजायला महाकठीण. हरभऱ्याएवढी मऊ गाठ कॅलिपरमध्ये धरली की चेपते. माणूस उन्हातून आला, आंघोळ करून आला, की तिचा फुगवटा बदलतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही थोडी थोडी चुकली तर घनफळात चूक तिप्पट होते. म्हणून त्रिमितीय फोटो काढणारे कॅमेरे आणले गेले. त्यातही या गाठी इतक्या सावकाश वाढतात की वर्षभर काहीच न करता त्या तशाच राहू शकतात, क्वचित एखादी आपणहून ओसरते. वाढ थांबवली असा दावा करायचा तर किती वर्षं थांबायचं? बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये 2012 पासून चालणाऱ्या एनएफ-1 च्या खास संशोधन कार्यक्रमाने हा भाग गंभीरपणे घेतला. गाठींची वर्गवारी, मोजण्याच्या रीती, आणि रुग्णांना नेमकं किती कमी झालेलं हवं, हे आधी ठरवायला घेतलं. गाठ निम्मी झाली तरी ती गाठच दिसते. डॉक्टरचं यश आणि आरशासमोर उभ्या माणसाचं यश यांत असं अंतर पडतं.

बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वेगळ्याच धर्तीचा प्रयोग झाला. लेझर उपचारांत मोठं नाव असलेल्या रॉक्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी जनुकाच्या वाटेला न जाता गाठीच्याच वाटेला जायचं ठरवलं. दोन प्रकारचे लेझर, रेडिओलहरींनी तापणारी सुई, आणि डीऑक्सिकोलिक आम्लाचं इंजेक्शन. हे आम्ल आपल्या पित्तात असतं. हनुवटीखालची चरबी विरघळवण्यासाठी अमेरिकेत 2015 पासून त्याला मान्यता आहे. डबल चिन घालवायचं औषध इथे कामाला लागलं, ही गोष्ट मला फार आवडते. एकाच माणसाच्या अंगावरच्या वेगवेगळ्या गाठींवर हे चारही उपाय करून पाहिले. कापाकापी न करता, गाठी लहान असतानाच, दवाखान्यात उभ्याउभ्या पंधरा-वीस गाठींचा समाचार घेता यावा, असा हेतू.

लहान असतानाच. हा शब्दप्रयोग आता संशोधकांच्या बैठकांत वरचेवर ऐकू येतो. विणून झालेलं कोलॅजन उसवणं जड जातं, तर ते विणूच देऊ नये. जेल आलं तर ते चाळिशीच्या, हजार गाठींच्या माणसाने लावायचं की नऊ वर्षांच्या, अजून एकही गाठ नसलेल्या मुलीने? तिच्या अंगावर चट्टे आहेत, म्हणजे गाठी येणार हे जवळजवळ नक्की. पण किती येतील हे कुणी सांगू शकत नाही. दहाच येणार असतील तर वयात येण्याच्या आधीपासून अंगभर, रोज, कित्येक वर्षं औषध चोळणं हा जुलूम होईल. हजार येणार असतील तर न चोळणं. वाढत्या मुलीच्या अख्ख्या अंगाला लावलेलं नरम औषध तितकंच नरम राहतं का, हेही आधी पाहावं लागेल, कारण आजवरच्या चाचण्यांत ते निवडक गाठींवर टिपक्याटिपक्याने लावलं गेलं आहे.

सध्या तरी डॉक्टर त्या मुलीचे चट्टे मोजतात, दरवर्षी डोळे तपासतात, पाठीचा कणा आणि रक्तदाब पाहतात. आणि बोटाने दंडावर हलकेच दाबून बघतात.